गच्चीवरचा पाऊस जमिनीत कसा जिरवायचा: पुण्यातल्या सोसायट्यांसाठी

एप्रिल-मे महिन्यात बाणेर, वाघोली, उंड्री, धायरी या भागांत सकाळी सकाळी सोसायटीच्या गेटवर टँकर उभा असतो. जूनमध्ये त्याच गेटमधून गच्चीवरचं पाणी धो-धो रस्त्यावर पळतं. कागदोपत्री मात्र बहुतेक नव्या इमारतींत रेन वॉटर हार्वेस्टिंग असतंच, कारण मोठ्या प्लॉटवर ते दाखवल्याशिवाय भोगवटा पत्र मिळत नाही. मंजूर नकाशावर एक गोल काढलेला असतो, कोपऱ्यात एक खड्डा खणलेला असतो, त्यात चार ब्रास खडी पडलेली असते. तीन पावसाळ्यांत तो मातीने भरतो आणि पुढे त्याच्या झाकणावर कोणीतरी तुळशीची कुंडी ठेवतं.

खड्डा चुकीचा असतो असं नाही. तो कुठल्या खडकात खणलाय आणि तासाला किती पाणी पितो, हे कोणी पाहिलेलंच नसतं. म्हणून इथे खोदकाम बरंच शेवटी येतं. आधी शोधायचं, मग हिशोब, मग खडक, मग चाचणी आणि त्यानंतर खर्च. ज्या सोसायटीला स्वतःची गच्ची आणि निदान एक बोअर किंवा विहीर आहे, तिच्यासाठी हे लिहिलंय. बंगलेवाल्यांनी आकडे लहान करून घ्यावेत.

आधी असलेलं शोधून काढा

बिल्डरने सोसायटीला दिलेल्या फायलींत मंजूर नकाशा आणि ड्रेनेजचा नकाशा असतो. सेक्रेटरींच्या कपाटात नसला तर आर्किटेक्टकडे किंवा महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे मागता येतो. त्यावर पावसाळी पाइप कुठून उतरतात, कुठल्या चेंबरला मिळतात आणि खड्डे कुठे दाखवलेत ते पाहा.

मग एखाद्या चांगल्या सरीत छत्री घेऊन इमारतीभोवती फेरी मारा. कुठला पाइप कुठे ओततो, कुठे पाणी तुंबतं, खड्ड्यात खरंच पाणी जातं की शेजारून वळून गटारात जातं, हे त्या अर्ध्या तासात जितकं कळतं तितकं कुठल्याही नकाशावरून कळत नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. वार्षिक सभेत तोंडाने सांगण्यापेक्षा तो दाखवलेला बरा.

पाऊस नसतानाही एक गोष्ट तपासायची, आणि पुण्यात ही सर्रास आढळते. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन बसवताना प्लंबरला जवळचा पाइप दिसतो, तो असतो गच्चीचा पावसाळी पाइप, आणि मशीनचं पाणी त्यातच सोडलं जातं. रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला, धुण्याच्या वेळेला, प्रत्येक पावसाळी पाइपच्या तळाशी जाऊन बघा. फेस दिसला किंवा कोरड्या दिवशी ओल दिसली तर त्या ओळीतल्या एखाद्या घराचं सांडपाणी त्यात येतंय. असा पाइप बोअरला जोडला तर साबण, मळ आणि त्यासोबत येणारं सगळं थेट भूजलात जाईल. संबंधित घराची जोडणी सांडपाण्याच्या पाइपला वळवून घेईपर्यंत त्या ओळीला हात लावू नका. इथे नात्यात वितुष्ट येतं, पत्रापत्री होते, पण हा मुद्दा सोडून चालत नाही.

पाणी किती, याचा खरा हिशोब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. बाकी सगळं गुणाकार. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिमी पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि ऑक्टोबरात परतीचा. पानशेत-टेमघरकडे याच्या कित्येक पट पडतो. म्हणून तर धरणं तिकडे आहेत.

समजा गच्ची ८०० चौरस मीटर आहे. ८०० गुणिले ७०० म्हणजे ५ लाख ६० हजार लिटर. बाष्पीभवन, शिंतोडे, सोडून दिलेलं पहिलं पाणी असं जाऊन यातलं ८० टक्के हाती लागतं असं धरू. उरतं सुमारे साडेचार लाख लिटर, दहा हजारी टँकरच्या हिशोबात पंचेचाळीस टँकर.

सभेत हा आकडा ऐकून टाळ्या पडतात, पण तिथे थांबू नका. साठ फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर, म्हणजे रोजची गरज ३२ हजार लिटरच्या वर. गच्चीवरचं अख्ख्या वर्षाचं पाणी या सोसायटीला जेमतेम चौदा दिवस पुरेल. ‘हार्वेस्टिंग केलं की टँकर बंद’ असं जो ठेकेदार सांगतो त्याच्यापुढे हा गुणाकार ठेवा आणि तो काय म्हणतो ते बघा.

मग कशाला करायचं? कारण बोअर टिकण्याचा प्रश्न आहे. ज्या खडकातून आपण वर्षभर उपसतो त्यात पावसाळ्यात काहीच परत गेलं नाही तर पातळी दरवर्षी थोडी खाली जाते आणि फेब्रुवारीत बंद पडणारा बोअर पुढे डिसेंबरातच बंद पडतो. तो एप्रिलपर्यंत ओढला तरी टँकरचं बिल उतरतं. दुसरं कारण कंपाउंडच्या बाहेरचं आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात माणसं गेली, भिंती गेल्या, गाड्या वाहून गेल्या. तेवढा पाऊस कुठलाही खड्डा जिरवू शकला नसता, हे खरं. पण कात्रजपासून खाली जिथे एकेकाळी शेत आणि माळ होता तिथे आज काँक्रीट आहे आणि प्रत्येक प्लॉट आपलं पाणी एकाच वेळी ओढ्यात ढकलतो, हेही खरंच.

पाऊस मोजायला सोसायटीत स्वतःचं पर्जन्यमापक ठेवा. प्लास्टिकचं साधं मापकही चालतं. शिमला ऑफिसची, म्हणजे हवामान खात्याची, शिवाजीनगरची नोंद पेपरात येते, पण पुण्यात कोथरूडला झोडपलेलं असताना हडपसरला रस्ता कोरडा असणं नवं नाही.

पायाखालचा खडक

पुणे दख्खनच्या बेसॉल्टवर बसलंय. लाव्हा एकदाच वाहिला नाही, पुन्हा पुन्हा वाहिला, त्यामुळे खडकाचे थर एकावर एक आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. वर माती, खाली मुरूम. त्याखाली कधी मांजऱ्या लागतो, म्हणजे वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या पडलेला, पुढे त्यात पांढरी-हिरवट खनिजं भरलेला तुलनेने मऊ खडक. कधी थेट काळा कातळ लागतो. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लालसर गेरूचा पट्टा असतो.

मुरूम पाणी घेतो. झिजलेला, भेगाळलेला मांजऱ्या घेतो. कातळ स्वतः पाणी घेत नाही, त्याच्यातल्या भेगा आणि सांधे घेतात. त्यामुळे भेगा नसलेल्या कातळात दहा फूट खड्डा खणून त्यात खडी भरणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तो खड्डा एका सरीत भरतो, आठवडाभर तसाच राहतो आणि डास वाढवतो. नंतर डासांच्या अळ्या सापडल्या म्हणून महापालिकेची नोटीस येते ती वेगळीच.

आपल्या खाली काय आहे हे कळायला तीन सोपे मार्ग आहेत. पहिला, शेजारी बांधकाम चालू असेल तर त्यांचं खोदकाम बघा. पुण्यात ही संधी कुठल्याही गल्लीत मिळते. कापलेल्या बाजूला थर स्पष्ट दिसतात, आणि कुठल्या उंचीवरून पाणी पाझरतंय हेही दिसतं. तो पाझर म्हणजे पाणी वाहून नेणारा थर. दुसरा, बोअर मारणाऱ्याकडे माहिती मागा: केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडापासून आत घातलेला पाइप, किती फुटांपर्यंत गेलं, कातळ कुठे लागला, पाणी किती फुटांवर लागलं. केसिंग पाइप सहसा पक्का खडक लागेपर्यंतच घालतात, म्हणून केसिंगची लांबी कळली की माती-मुरमाची जाडी कळली. तिसरा, जाणकाराला बोलवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, आणि अ‍ॅक्वाडॅम ही भूजलावर काम करणारी संस्थाही इथलीच, तिने शहराखालच्या जलधरांचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या थरांचा, अभ्यास केलेला आहे. भूजलतज्ज्ञाच्या एका भेटीची फी फुकट गेलेल्या एका खड्ड्यापेक्षा कमीच पडते.

नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याबद्दल मी इथे वाद घालत नाही. फक्त एवढंच, की तो पाणी कुठे लागेल ते सांगतो, पाणी कुठे जिरेल ते सांगत नाही.

बोअर किती पाणी पितो, ते मोजा

ही पायरी बहुतेक सोसायट्या गाळतात, आणि सगळ्यात मोलाची हीच आहे. चाचणी मे महिन्यात करा, पातळी सर्वांत खाली असताना.

आधी पाण्याची पातळी मोजायची सोय हवी. चालू बोअरमध्ये मोटर, पाइप, केबल आणि दोरी एकत्र लटकत असतात. त्यात वजन बांधलेली सुतळी सोडली तर ती अडकते आणि मग मोटर वर काढायचा खर्च बसतो. पुढच्या वेळी मोटर दुरुस्तीला वर निघेल तेव्हा तिच्यासोबत एक इंची पीव्हीसी पाइप खाली सोडून घ्या, टोकाला भोकं पाडून. त्या पाइपातून पातळी कायम मोजता येते. बंद पडलेला, मोटर काढलेला बोअर असेल तर काम आणखी सोपं.

मोटर बंद ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी मोजा. मग स्वच्छ पाण्याचा टँकर किंवा गच्चीच्या टाकीतलं पाणी पाइपने बोअरमध्ये सोडा आणि घड्याळ लावा. सहा इंची, दोनशे फुटी बोअर तळापासून तोंडापर्यंत भरला तरी त्यात अकराशे लिटरच मावतं. दहा हजार लिटर टाकल्यावरही तो ओसंडला नाही, तर नऊ हजार खडकाने घेतलं, हे साधं वजाबाकीचं गणित आहे. हे पाणी बाहेर न ओसंडता दोन तासांत गेलं तर बोअर तासाला पाच हजार लिटरच्या आसपास पितो. पाच मिनिटांत तोंडापर्यंत आला आणि तिथेच राहिला, तर त्या बोअरचा नाद सोडा.

ओतणं थांबवल्यावर पातळी किती वेळात उतरते तेही दर दहा मिनिटांनी लिहा. भरभर उतरली तर भेगा मोकळ्या आहेत. अडीच तासांनीही वरच असेल तर पाणी फक्त बोअरमध्ये उभं आहे.

एकापेक्षा जास्त बोअर असतील तर कुठला निवडायचा? पूर्वी चांगलं पाणी देणारा आणि हल्ली आटलेला बोअर सर्वांत योग्य. त्याला भेगा आहेत, आणि त्या रिकाम्या आहेत. सुरुवातीपासून कोरडा निघालेला बोअर बहुधा कातळातच आहे, चाचणीत नापास होतो. रोजचं पाणी देणारा सर्वांत चांगला बोअर मात्र पहिल्याच वर्षी प्रयोगाला घेऊ नका.

विहीर असेल तर तिच्यापासूनच सुरुवात

पेठांतल्या जुन्या वाड्यांत आड होते. कोथरूड, बाणेर, हडपसर, पाषाण भागांत शेतजमिनींवर सोसायट्या झाल्या, आणि त्या शेतांत विहिरी होत्या. काही राडारोडा टाकून बुजवल्या गेल्या, काही कोपऱ्यात जाळी लावून उभ्या आहेत. तुमच्या आवारात अशी एखादी असेल तर तुम्ही नशीबवान आहात.

विहीर मुरूम आणि वरच्या भेगाळ खडकातून खाली गेलेली असते, म्हणजे पाणी घेणारे थर तिने चारही बाजूंनी उघडलेले असतात. शिवाय साठवणीचा प्रश्नच मिटतो. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी एक मीटर वाढली की साडेबारा हजार लिटर पाणी सामावतं. जोराची सर आली, विहीर भरली, मग ती सावकाश रात्रभर जिरवत बसते.

काम असं: आधी गाळ उपसा, मे महिन्यात. कठडा आणि जाळी पक्की करा, मुलं खेळतात. गच्चीचं पाणी गाळणीतून आणून पाइप विहिरीत पाण्याच्या पातळीखाली सोडा किंवा खाली दगडी फरशी ठेवून तिच्यावर पडू द्या, म्हणजे धार बांधकामावर आपटून दगड सुटणार नाहीत. वर ओसंडायचा पाइप ठेवाच. गणपती विसर्जनासाठी विहीर वापरायची प्रथा असेल तर जिरवणीची विहीर त्यातून वगळा, कारण प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा गाळ भेगा बुजवतो.

पाइप, पहिलं पाणी, गाळणी

आता पाइपकाम. साधारण शंभर चौरस मीटर गच्चीला एक चार इंची उभा पाइप लागतो, आणि तेवढे बहुतेक इमारतींना असतातच. नवं काम असतं ते सगळे पाइप तळाशी एकत्र आणून एका चेंबरपर्यंत नेण्याचं. आडव्या पाइपला उतार हवा आणि तो चार इंची ठेवू नका, तीन-चार उभे पाइप एकत्र आले की सहा इंची लागतो. प्रत्येक वळणावर उघडता येईल असं तोंड ठेवा. अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणणाऱ्या नळालासुद्धा वाटेत उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी आणि तपासणीसाठी उघडी तोंडं, बांधले होते. आपल्या साठ मीटर पाइपला एकही तोंड नसतं आणि मग तिसऱ्या वर्षी ब्रेकर लावून पेव्हर ब्लॉक उखडावे लागतात.

पावसाचं पहिलं पाणी घ्यायचं नाही. आठ महिन्यांची धूळ, पारव्यांची शीट, वाळली पानं आणि मे महिन्यात केलेल्या वॉटरप्रूफिंगचा अंश त्यात उतरतो. ८०० चौरस मीटर गच्चीवरचा पहिला दोन मिमी पाऊस म्हणजे १,६०० लिटर, तो बाहेर सोडा. त्यासाठी आपोआप चालणारी उपकरणं मिळतात, पण सोसायटीत एक साधा व्हॉल्व्ह आणि तो फिरवणारा जबाबदार माणूस जास्त भरवशाचा. जूनच्या पहिल्या दोन मोठ्या सरी गटारात, मग व्हॉल्व्ह वळवायचा. मध्ये दहा-बारा दिवस उघडीप पडली तर पुन्हा एक सर सोडून द्यायची.

गाळणीचे दोन प्रकार प्रचलित आहेत. एक, पाइपवर बसणारी स्टीलच्या जाळीची तयार गाळणी. पानं, काड्या, बारीक कचरा अडतो, धुवायला सोपी, जागा खात नाही, पण बारीक माती सुटून जाते. दोन, बांधलेली टाकी: तळाशी दगडगोटे, त्यावर चाळीस एमएम आणि मग वीस एमएम खडी, सर्वांत वर जाड धुतलेली वाळू, प्रत्येक थर फूटभर, थरांमध्ये नायलॉनची जाळी. हिच्यातून पाणी हळू जातं, पण स्वच्छ जातं. बोअरसाठी माझं मत दोन्ही एकापाठोपाठ लावावेत असं आहे, कारण बोअरच्या भेगांत एकदा माती बसली की ती काढता येत नाही. विहिरीला जाळीची गाळणी आणि पुढे गाळ बसायला एक चेंबर पुरतं. वाळूऐवजी क्रशरची कच घालायचा मोह ठेकेदाराला होतो, तिच्यातली भुकटीच खाली उतरते. वाळू आली की मूठभर काचेच्या ग्लासात घालून ढवळा. पाणी गढूळच राहिलं तर गाडी परत पाठवा.

काही जण बोअरभोवती सहा-सात फुटी खड्डा खणून केसिंगलाच भोकं पाडतात, जाळी गुंडाळतात आणि खड्ड्यात खडी-वाळू भरतात. हे स्वस्त पडतं आणि ठिकठिकाणी केलं जातं. पिण्या-वापरण्याच्या चालू बोअरला मी ते सुचवत नाही. केसिंग असतं ते वरचं घाण पाणी अडवायला. त्याला भोकं पाडली की शेजारच्या फुटक्या ड्रेनेजचं पाणीही त्याच वाटेने येतं, आणि भोकं बुजवायला मग उपाय नाही. गाळलेलं पाणी पाइपने बोअरच्या तोंडातून आत सोडा.

आता मघाच्या चाचणीचा उपयोग. समजा बोअर तासाला ३,००० लिटर पितो. एका तासात २५ मिमीची सर आली तर ८०० चौरस मीटरवरून सुमारे १७,००० लिटर येईल. १४,००० लिटरचं काय? मध्ये दहा हजार लिटरची टाकी असेल तर ती भरेल आणि पुढचे तीन-साडेतीन तास हळूहळू बोअरला पाजत राहील. उरलेलं ओसंडून चरीत आणि तिथून पावसाळी गटारात. ढगफुटीचा थेंब न् थेंब पकडायच्या नादाला लागू नका, त्यासाठी लागणारी टाकी वर्षातून दोनदाच भरेल. पुण्याला रिपरिप पाऊस भरपूर दिवस असतो, त्यात ही लहान व्यवस्थाही पोटभर काम करते. जमिनीखालच्या अग्निशमनाच्या टाकीकडे मात्र नजर वळवू नका, ती कायम भरलेलीच हवी.

जमिनीवरचं पाणी वेगळं ठेवा

पार्किंग, ड्राइव्हवे, कचऱ्याच्या जागेवरून येणारं पाणी बोअरमध्ये किंवा विहिरीत कधीही घेऊ नका. तेल, डिझेल, कुत्र्यांची घाण, सगळं त्यात असतं. ते मातीतून झिरपून जाऊ द्या. कंपाउंडच्या भिंतीलगत, इमारतीच्या पायापासून निदान तीन-चार मीटर लांब, दोन फूट रुंद चर खणून खडी-वाळू भरा, वर झाडं लावा. मुरूम जाड असेल तर ही चर उत्तम चालते, कातळ फूटभरावरच असेल तर खणू नका. ड्रेनेज चेंबर आणि एसटीपीपासूनही (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेपासूनही) ती लांब हवी.

बाग करताना कंपाउंडभर पेव्हर ब्लॉक घालायची जी हौस पुण्यात आली आहे, ती थोडी आवरली तर चर न खणताही बरंच पाणी जिरेल. झाडांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट तर आधी फोडा.

तळघर असेल तर एक वेगळीच गंमत दिसते. काही इमारतींचं तळघर पाझराच्या थरात उतरलेलं असतं आणि तिथला पंप पावसाळाभर, कधी दिवाळीनंतरही, पाणी उपसून गटारात टाकत असतो. तेच लोक वर टँकर मागवतात. अशा ठिकाणी जिरवण्याचा खटाटोप तळघराजवळ करू नका, पाणी फिरून तिथेच येईल. त्याऐवजी पंपाचं पाणी तपासून फ्लश, बाग आणि गाड्या धुण्याला जोडा.

पैसा, ठराव, करसवलत

सर्वसाधारण सभेत ठराव मांडताना तीन गोष्टी कागदावर द्या: चाचणीचे आकडे, दोन-तीन ठेकेदारांचे दर एकाच कामाच्या यादीवर, आणि गेल्या उन्हाळ्याचं टँकरचं बिल. एकाच यादीवर दर मागितले नाहीत तर एकजण जाळीचा दर देतो, दुसरा टाकीचा, आणि सभा तुलना करत बसते. करारात शेवटचा हप्ता पावसाळ्यातल्या चाचणीनंतर द्यायचा असं लिहून घ्या. ठेकेदार कुरकुर करेल. चांगला असेल तर मान्य करेल.

पुणे महापालिका रेन वॉटर हार्वेस्टिंग, सौरऊर्जा आणि गांडूळखत या प्रकल्पांसाठी मालमत्ता करातल्या सामान्य करात सवलत देते: एका प्रकल्पाला ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के. सवलत प्रकल्प चालू असेल तरच, आणि पाहणी होते. तेव्हा गांडूळखताचा वाफा जिवंत असलेल्या सोसायटीने जिरवणीचं काम पूर्ण करून दोन्हींचा अर्ज एकदम करावा. कामाचे फोटो, बिलं आणि पातळीची वही सोबत ठेवा.

वर्षभराची वही

मे अखेर: गच्ची झाडणं, पाइपच्या तोंडावरच्या जाळ्या बसवणं, वाळूचा वरचा तीन-चार इंचाचा थर काढून धुणं किंवा बदलणं, व्हॉल्व्ह गटाराकडे. जुलैत आणि गणपतीनंतर एकदा गाळणी उघडून बघणं. ऑक्टोबर संपताना टाकी रिकामी करून कोरडी ठेवणं, झाकणं घट्ट. एवढंच काम आहे, पण ते एका माणसाच्या नावावर हवं. ‘कमिटी बघेल’ म्हणजे कोणी बघणार नाही.

दर महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला, पहाटे मोटर लागण्याआधी, बोअरची पातळी मोजून वहीत लिहा. शेजारी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिहा, पेनासारखं मीटर स्वस्तात मिळतं. पावसाळ्यात पातळी वर येताना टीडीएस उतरला तर वरचं गोड पाणी तुमच्या भेगांपर्यंत पोचतंय. पातळी वाढली पण टीडीएस हलला नाही, तर पाणी आजूबाजूने येतंय, तुमची व्यवस्था फारसं करत नसावी. पातळीसोबत वासही बदलला, तर जिरवणं ताबडतोब थांबवा आणि ड्रेनेजची गळती शोधा.

वर्षातून दोनदा, जुलैत आणि एप्रिलमध्ये, बोअरचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. कठीणपणा, नायट्रेट आणि जिवाणू, ही तीन नावं फॉर्मवर हवीतच. जिवाणू आढळले तर पिण्यासाठी वापर बंद, नळाला तशी पाटी.

कंपाउंडच्या पलीकडे

जमिनीखाली कंपाउंडची भिंत नसते. तुम्ही जिरवलेलं पाणी उताराच्या बाजूच्या सोसायटीच्या बोअरला लागू शकतं, आणि तुमच्या बोअरला वरच्या टेकडीवरचं. वेताळ टेकडी, तळजाई, पाचगाव पर्वती यांच्या उतारावर मुरलेलं पाणी खालच्या वस्त्यांच्या विहिरींना मिळतं, म्हणून टेकडीवरच्या बांधकामाचा विषय निघाला की त्यात पाण्याचाही मुद्दा मांडा. एका रस्त्यावरच्या चार-पाच सोसायट्यांनी आपापल्या पातळीच्या वह्या एकत्र ठेवल्या तर दोन वर्षांत भूजल कुठून कुठे सरकतं याचा अंदाज येतो. चौघांनी मिळून एकच भूजलतज्ज्ञ बोलावला तर फीही विभागते.

गेटबाहेरच्या पावसाळी गटारात पाणी नेहमी तुंबत असेल तर तिथे जिरवणीचा खड्डा किंवा पदपथालगत मोकळ्या मातीची पट्टी सुचवता येते. २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेल्या कामांसाठी सोय आहे. तिचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतात, ठराविक मुदतीत, बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात. अर्जात ‘पाणी साचते, उपाय करावा’ असं मोघम लिहू नका. जागेचा नेमका पत्ता, फोटो, पाऊस किती मिमी पडल्यावर किती वेळ पाणी थांबतं याची नोंद आणि खाली मुरूम किती फूट आहे ते लिहा. पर्जन्यमापकाची नोंद आणि पातळीची वही इथे कामाला येते. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर आवक क्रमांक आहे ना ते बघा, आणि अंदाजपत्रक जाहीर झालं की आपल्या प्रभागाच्या यादीत ते काम शोधा. यादीत नसेल तर क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला जाऊन भेटा. अर्ज का मागे पडला ते तोंडीच कळतं, आणि पुढच्या वर्षीचा अर्ज त्याप्रमाणे लिहिता येतो.